आर्चटॉप जॅझ गिटार: खरेदी, विक्री आणि तुलना – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात गिटार शिकणारे आणि वाजवणारे भरपूर आहेत, परंतु आर्चटॉप गिटार प्रत्यक्ष हातात घेऊन पाहण्याची संधी त्यांतील फार थोड्यांना मिळते. दुकानात एखाददुसरी टांगलेली असते, बाकी सगळे छायाचित्रांवर आणि व्हिडिओंवर चालते. त्यामुळे खरेदी करताना आणि विकतानाही तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. किमतींचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत, कारण डॉलरचा भाव आणि कर बदलले की ते शिळे होतात. किंमत कशी काढावी हे मात्र सांगितले आहे.

आर्चटॉप गिटार म्हणजे नेमके काय?

जिची वरची पाटी, म्हणजे टॉप, सपाट नसून व्हायोलिनप्रमाणे मध्यभागी उंच आणि कडेला उतरती असते, ती आर्चटॉप. बहुतेक आर्चटॉपला गोल छिद्राऐवजी दोन बाजूंना एफ आकाराची छिद्रे असतात, तारा शेवटी टेलपीसला, म्हणजे गिटारच्या कडेला बसवलेल्या पट्टीला, अडकवलेल्या असतात आणि ब्रिज, ज्याला आपले तंतुवाद्यवाले घोडी म्हणतील, तो पाटीला चिकटवलेला नसून केवळ तारांच्या दाबाने जागेवर उभा असतो. ही शेवटची गोष्ट खरेदीच्या वेळी फार महत्त्वाची ठरते. तिच्याकडे पुढे पुन्हा येऊ.

या घडणीचे मूळ अमेरिकेतील कॅलमझू या गावी ऑर्व्हिल गिब्सन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनवलेल्या कोरीव वाद्यांत आहे. १९२२ मध्ये गिब्सन कंपनीने लॉइड लोअर याच्या देखरेखीखाली एल-५ ही गिटार आणली आणि एफ छिद्रांच्या आर्चटॉपचा साचा ठरून गेला. त्या काळात ॲम्प्लिफायर नव्हता. पितळी वाद्यांच्या ताफ्यात गिटारचा ठेका ऐकू जावा, ही खरी गरज होती. म्हणून पुढे वाद्ये आकाराने वाढत गेली: एल-५ स्वतः १६ इंचांवरून १७ इंचांची झाली आणि १९३४ मध्ये १८ इंच रुंदीची सुपर ४०० आली, जिचे नावच तिच्या ४०० डॉलर किमतीवरून पडले. जॅझ बँडप्रमुख काउंट बेसीच्या ताफ्यात अनेक दशके ठेका धरणारा गिटारवादक फ्रेडी ग्रीन याच अर्थाने आर्चटॉपचा माणूस होता. आज ज्याला आपण सर्रास ‘जॅझ गिटारचा आवाज’ म्हणतो, तो मऊ, गोलसर, ॲम्पमधून येणारा आवाज त्यानंतरचा आहे.

कोरीव टॉपची घ्यावी की प्लायच्या टॉपची?

खरेदीतील सर्वांत मोठा निर्णय हाच आहे आणि ब्रँडचा विचार त्यानंतर करावा. कोरीव टॉप म्हणजे स्प्रूसच्या जाड फळीतून आकार काढून पातळ केलेली पाटी. ती मध्यभागी साधारण ६ मिलिमीटर आणि कडेला त्याहून बरीच पातळ असते. प्लाय टॉप म्हणजे लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून साच्यात दाबून फुगवलेली पाटी. पहिलीत मजुरी प्रचंड असते, दुसरीत कमी. किमतीतील तफावत मुख्यतः तिथून येते.

मात्र प्लाय म्हणजे हलका माल, असा जो समज आपल्याकडे घट्ट आहे, तो आर्चटॉपच्या बाबतीत चुकीचा आहे. गिब्सनने १९४९ मध्ये ईएस-१७५ काढली ती जाणूनबुजून प्लायची काढली. पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा भाग, बसवून ॲम्पला जोडलेल्या पोकळ गिटारचा टॉप जितका मोकळेपणाने थरथरतो, तितका ॲम्पचा आवाज परत टॉपमध्ये शिरून फीडबॅक होतो. प्लायचा टॉप कमी थरथरतो, म्हणून तो मंचावर शहाण्यासारखा वागतो. जॅझ गिटारवादक जो पास, जिम हॉल आणि पुढे पॅट मेथेनी यांनी याच प्लायच्या गिटारवर आयुष्याचा मोठा भाग काढला. दुसरा नामवंत जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी याची एल-५ सीईएस कोरीव टॉपची होती हे खरे. पण १९५१ पासून बनू लागलेल्या त्या मॉडेलमध्येही टॉपला भोके पाडून पिकअप बसवलेले असत.

तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ही गिटार ॲम्पशिवाय किती वेळा वाजणार आहे? घरी, एकट्याने, फार तर एखाद्या गायकाबरोबर वाजवायची असेल तर कोरीव टॉपचे पैसे वसूल होतात. बँडमध्ये ड्रम्सशेजारी उभे राहून वाजवायची असेल तर प्लायची गिटारच योग्य. पुण्याच्या हवेत प्लायला आणखी एक गुण मिळतो, त्याविषयी पुढे सांगितले आहे.

पिकअप तरंगता असावा की टॉपमध्ये बसवलेला?

तरंगता पिकअप नेकच्या टोकाला किंवा पिकगार्डला लावलेला असतो आणि टॉपला स्पर्श करत नाही, त्यामुळे टॉप मोकळा राहतो. कोरीव गिटारला तो शोभतो. टॉपमध्ये बसवलेला पिकअप आवाजाला भरीवपणा देतो आणि फीडबॅक कमी करतो. कोरीव टॉपची महाग गिटार घेऊन तिच्या पाटीत नंतर भोके पाडून घेण्याचा विचार कोणी बोलून दाखवला तर त्याला कृपया थांबवावे. विक्रीची किंमत त्या क्षणी कोसळते.

गिब्सन ईएस-३३५ सुद्धा आर्चटॉपच ना?

तिची पाटी फुगीर आहे, एफ छिद्रे आहेत, त्यामुळे नावापुरती होय. परंतु १९५८ मध्ये आलेल्या या गिटारच्या पोटातून मधोमध लाकडाचा सलग ठोकळा जातो आणि तिचा ब्रिजही टॉपला पक्का बसवलेला असतो. ती सेमी-हॉलो आहे. जॅझ, ब्लूज, रॉक सगळे वाजवणाऱ्याला ती अधिक उपयोगी पडेल, परंतु पूर्ण पोकळ गिटारचा तुटक, लाकडी ठेका तिच्यातून मिळणार नाही. आयबनेझच्या यादीत हा फरक अक्षरांवरून ओळखता येतो: एएफ म्हणजे पूर्ण पोकळ, एएस म्हणजे सेमी-हॉलो. ऑनलाइन मागवताना या एका अक्षराने अनेकांची फसगत होते.

कोणत्या कंपन्यांचा विचार करावा?

पहिल्या आर्चटॉपसाठी आयबनेझची आर्टकोर मालिका आणि एपिफोनची पोकळ मॉडेले या दोन वाटा सर्वांत सोप्या आहेत, कारण ती भारतात मिळतात आणि पुढे विकलीही जातात. कॅनडातील गोदँ कंपनीची फिफ्थ ॲव्हेन्यू मालिका चेरीच्या प्लायची, वजनाला हलकी आणि आवाजाला जुन्या वळणाची आहे. तिची जातकुळी १९३०–४० च्या दशकांची आहे आणि गुळगुळीत आधुनिक आवाज हवा असणाऱ्याची ती निराशा करेल. कोरीव टॉप हवा आणि अमेरिकन किंमत परवडत नसेल, तर चीनमध्ये हाताने घडवणारी ईस्टमन ही कंपनी गांभीर्याने पाहावी. ग्रेचच्या पोकळ गिटार सुंदर असतात, पण त्यांचा ओढा रॉकअबिली आणि कंट्रीकडे आहे.

डी’अँजेलिको या नावाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. जॉन डी’अँजेलिको हा न्यूयॉर्कमधील कारागीर १९६४ मध्ये वारला; त्याने हयातीत ११०० हून थोड्या अधिक गिटार घडवल्या आणि त्या आज संग्राहकांच्या हातात आहेत. सध्या त्या नावाने दुकानात मिळणाऱ्या गिटार आशियातील कारखान्यांत बनतात. त्या वाईट नाहीत, मात्र त्या कारागिराच्या कीर्तीचे पैसे त्यांच्यासाठी मोजू नयेत.

दोन गिटारांची तुलना कशी करावी?

प्रथम ॲम्पशिवाय वाजवाव्यात, मग एकाच ॲम्पवर, एकाच ठेवणीत. तारा वेगळ्या असतील तर तुलना जवळपास निरर्थक ठरते: एकीवर चकचकीत नव्या राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या, खणखणीत) आणि दुसरीवर दोन वर्षांच्या फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) असतील, तर आपण गिटार ऐकत नसून तारा ऐकत असतो. इंटरनेटवरील तुलनेचे बहुतेक व्हिडिओ याच कारणाने बाद होतात.

वाजवायचे काय, हेही ठरवून जावे. बी-फ्लॅटमधील साधा ब्लूज पुरतो: एकदा चार स्वरांच्या कॉर्डने ठेका, एकदा एकेरी सुरांची ओळ, एकदा अंगठ्याने. तिसऱ्या आणि चौथ्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या पुढे सावकाश चढत जावे. काही आर्चटॉपमध्ये एखादा सूर अचानक मरतो किंवा एकटाच घुमतो; तो आपल्या नेहमीच्या वाजवण्यात कुठे येतो, ते पाहावे. शक्य असल्यास सोबतच्याला वाजवायला सांगून स्वतः सहा-सात फूट समोर उभे राहावे. एफ छिद्रांची गिटार पुढच्या बाजूस आवाज फेकते, आणि वाजवणाऱ्याला जे ऐकू येते ते श्रोत्याला येत नाही.

मापेही लिहून घ्यावीत. एल-५ ची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, सुमारे २५.५ इंच आहे, ईएस-१७५ ची २४.७५ इंच, पाऊण इंचाचा हा फरक पहिल्या तीन फ्रेटवरच्या ताणलेल्या कॉर्डमध्ये बोटांना लगेच कळतो. शरीराची खोली आणि रुंदीही तितकीच महत्त्वाची आहे. १७ इंचांची गिटार उजव्या खांद्याला पाऊण तासाने काय म्हणते, हे दुकानातील पाच मिनिटांत समजत नाही.

सेकंड-हँड आर्चटॉप तपासताना काय पाहावे?

बारीक ओरखड्यांकडे दुर्लक्ष करावे आणि रचना पाहावी. साठ-सत्तर किलोचा ताण वर्षानुवर्षे सोसणारे हे वाद्य आहे, आणि त्याचे दोष रंगात नसून सांध्यांत असतात.

सुरुवात ब्रिजपासून करावी. ब्रिजच्या दोन्ही बाजूंना उंची कमी-जास्त करणाऱ्या छोट्या चकत्या असतात. त्या पार खाली टेकल्या असूनही तारा उंच असतील, तर नेक पुढे ओढली गेली आहे आणि सांधा सोडवून पुन्हा बसवावा लागेल. हे काम खर्चिक आहे आणि पुण्यात ते कोरीव गिटारवर निर्धोकपणे करणारे हात मोजके आहेत. उलट चकत्या अगदी वर चढवून ठेवल्या असतील, तर टॉप ब्रिजखाली बसला आहे का, याची शंका घ्यावी. टॉपवर लांब फूटपट्टी आडवी धरून कमानीचा चढ-उतार दोन्ही बाजूंना सारखा आहे का, ते पाहावे.

मग दातांचे डॉक्टर वापरतात तसा लहान आरसा एफ छिद्रातून आत घालावा आणि दुसऱ्या छिद्रातून मोबाइलचा टॉर्च मारावा. टॉपच्या आतल्या बाजूला उभ्या दोन पट्ट्या किंवा एक्स आकारातील पट्ट्या दिसतील. त्यांच्या कडेने प्रकाशाची रेघ दिसली, तर पट्टी सुटली आहे. बाहेरून बोटाच्या पेराने टॉपवर ठिकठिकाणी हलके ठोकावे. घट्ट गिटार सगळीकडे भरीव बोलते, सुटलेल्या पट्टीशी मात्र बारीक भिरभिर ऐकू येते. एफ छिद्रांची टोके भेगांची आवडती जागा आहेत, तिथे नख फिरवून पाहावे.

नेकसाठी सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून सातव्या फ्रेटवरील फट पाहावी. तिथून साधे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकले तर ठीक. ट्रस रॉडचा, म्हणजे नेकमधील ताण सांभाळणाऱ्या धातूच्या सळईचा, नट फिरतो की आधीच शेवटापर्यंत आवळलेला आहे, हे विक्रेत्याच्या परवानगीने तपासावे. जुन्या गिटारवर पिवळसर, कुजकट वासाचे, चुरा पडणारे पिकगार्ड दिसले तर ते सेल्युलॉइडचे आहे. त्यातून निघणारा वायू शेजारच्या पिकअपला आणि टेलपीसला गंज चढवतो, म्हणून धातूचे भागही त्याच नजरेने पाहावेत.

सूर जुळत नाहीत म्हणून मात्र गिटार नाकारू नये. ब्रिज सैल असल्यामुळे कोणीतरी सगळ्या तारा एकदम काढल्या की तो सरकतो, आणि चांगली गिटारही बेसूर वाटते. बाराव्या फ्रेटवरचा सूर आणि तिथलाच हार्मोनिक जुळेपर्यंत ब्रिज सरकवला की काम झाले. विक्रेत्याला हे माहीत नसेल, तर भाव ठरवताना ते आपल्या पथ्यावर पडते.

पुण्याची हवा आर्चटॉपला मानवते का?

एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा अगदी कोरडी असते आणि जूनच्या मध्यापासून तीच हवा ओलसर होऊन सप्टेंबरपर्यंत तशी राहते. लाकडाला त्रास होतो तो या झपाट्याने होणाऱ्या बदलाचा. कोरीव टॉप पावसाळ्यात फुगून वर उचलला जातो, तारा उंच होतात आणि मालकाला वाटते की नेक बिघडली. उन्हाळ्यात तो आकसतो, फ्रेटची टोके बोटांना टोचू लागतात आणि दुर्लक्ष झाले तर भेग पडते. प्लायच्या पाटीत थरांचे रेषे एकमेकांना आडवे असल्यामुळे ही हालचाल बरीच कमी असते.

केसमध्ये एक लहान आर्द्रतामापक ठेवावा आणि आकडा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राखण्याचा प्रयत्न करावा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, उन्हाळ्यात गिटारचा ह्युमिडिफायर, आणि बारा महिने बंद हार्ड केस. गिटार शोभेसाठी भिंतीवर, त्यातही बाहेरच्या भिंतीवर, टांगू नये. सेटअप, म्हणजे नेक आणि तारांची उंची जुळवणे, करून घ्यायचा असेल तर तो दिवाळीनंतर करावा; ऐन पावसात केलेला सेटअप मार्चमध्ये पुन्हा करावा लागतो.

‘व्हिंटेज’ म्हणून दाखवली जाणारी गिटार खरी आहे, हे कसे ओळखावे?

केवळ हेडस्टॉकवरच्या नावावरून नव्हे. आतील लेबल, अनुक्रमांक आणि घडणीचे तपशील एकमेकांशी जुळले पाहिजेत. उदाहरणार्थ, हंबकर (दोन वेटोळ्यांचे, गुणगुण दाबणारे) पिकअप ईएस-१७५ वर १९५७ पासून येऊ लागले. विक्रेता १९५२ ची गिटार म्हणतो आणि वर हंबकर आहेत, तर एक तर साल चुकीचे आहे किंवा पिकअप नंतर बदललेले आहेत. दोन्ही प्रकारांत किंमत उतरते. पुन्हा दिलेला रंग, बदललेले ट्यूनर, भरून काढलेली भोके या सगळ्याने संग्राहकाच्या लेखी मूल्य घटते. वाजवणाऱ्याला मात्र हीच गिटार परवडण्याजोगी होते, आणि त्यात काही कमीपणा नाही.

परदेशातून मागवणे फायद्याचे ठरते का?

क्वचित. सीमाशुल्काची आकारणी केवळ गिटारच्या किमतीवर होत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांची बेरीज धरून तिच्यावर होते, आणि त्यावर पुढचा कर लागतो. कुरिअर कंपनीकडून हा अंदाज लेखी घ्यावा आणि मग येथील दुकानाच्या किमतीशी तुलना करावी. जुन्या गिटारच्या बाबतीत लाकडाचाही प्रश्न येतो. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून साइट्स या दुर्मीळ वन्यजीव-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याचा फ्रेटबोर्ड असलेले वाद्य कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे नेता येत नाही. इतर रोझवुडच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून सूट मिळाली आहे. विक्रेत्याला लाकडाचा प्रकार ठामपणे सांगता येत नसेल, तर व्यवहार सोडून द्यावा.

तारा कोणत्या लावाव्यात?

१२ ते ५२ च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) फ्लॅटवाउंडपासून सुरुवात करावी, तिसरी तार गुंडाळलेली असावी. ९ च्या बारीक तारांवर आर्चटॉपचा ब्रिज पुरेसा दाबला जात नाही आणि आवाज पातळ येतो. तारा एकेक करून बदलाव्यात. कारण वर आलेच आहे.

ॲम्पविषयी काही विशेष काळजी?

आवाज स्वच्छ राहील असा ॲम्प घ्यावा. रोलंडचा जॅझ कोरस हा मंचावर सहज भेटणारा पर्याय आहे. अमेरिकेतून कोणी नातेवाईक ॲम्प आणत असेल, तर तो १२० व्होल्टचा असण्याचीच शक्यता अधिक. आपल्या २३० व्होल्टला तो थेट जोडला तर जळेल. पेठांमधील जुन्या घरांत अर्थिंग नसणे नवीन नाही, आणि अशा ठिकाणी सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप सतत गुणगुणतो. टेलपीसला अर्थची तार जोडलेली आहे का, हेही पाहावे. तारांना हात लावताच गुणगुण कमी झाली तर ती जोडलेली आहे.

विकताना किंमत कशी ठरवावी?

तेच मॉडेल आज भारतात नवे किती रुपयांना मिळते, तिथून सुरुवात करावी. आपण तेव्हा किती दिले आणि विमानाने आणताना किती त्रास झाला, याच्याशी घेणाऱ्याला कर्तव्य नसते. मग येऊ घातलेल्या दुरुस्त्यांचा खर्च वजा करावा. पुण्यात आर्चटॉपचे गिऱ्हाईक थोडे आहे, म्हणून एक तर भाव उतरवावा लागतो किंवा काही महिने थांबावे लागते. मुंबई आणि बंगळुरूच्या वादकांपर्यंत जाहिरात पोहोचली तर फरक पडतो. घासाघीस होणारच, तेव्हा तिच्यासाठी थोडी जागा ठेवावी, पण दुप्पट भाव लावून ठेवल्यास जाणकार फोनच करत नाही.

जाहिरातीत काय असावे?

मॉडेलचे पूर्ण नाव, साल, स्केल, शरीराची रुंदी, टॉप कोरीव की प्लाय, तारांची जाडी, बाराव्या फ्रेटवरील तारांची उंची आणि झालेल्या सर्व दुरुस्त्या. छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, तिरप्या कोनातून घ्यावीत, म्हणजे टॉपची कमान दिसते. दोष लपवू नयेत. आरसा आणि टॉर्च घेऊन येणाऱ्यासमोर ते उघडे पडतातच.

व्यवहार करताना कोणती खबरदारी घ्यावी?

गिटार न पाहताच पूर्ण रक्कम देतो म्हणणारा, स्वतःला सैन्यातील अधिकारी म्हणवून घेणारा आणि ‘पैसे मिळण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा’ असे सांगणारा खरेदीदार भामटा समजावा. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. घेणाऱ्याला घरी किंवा सरावाच्या खोलीत बोलवावे, ॲम्प तयार ठेवावा आणि निवांत वाजवू द्यावे. अनुक्रमांकासह साधी पावती दोघांनीही सही करून ठेवावी.

गिटार दुसऱ्या गावी कशी पाठवावी?

शक्य असेल तर पाठवू नये, आगगाडीने सोबत घेऊन जावी. बसच्या डिकीत तर मुळीच टाकू नये. कुरिअरच करायचे असेल तर हार्ड केस आणि त्याबाहेर जाड खोका, दोन्हीमधली पोकळी भरलेली. तारा दोन-तीन सूर उतरवाव्यात, पूर्ण सैल करू नयेत. ब्रिज आणि टॉप यांच्यामध्ये मऊ कापड सरकवू नये, त्याने ब्रिज हलतो. त्याऐवजी ब्रिजच्या दोन्ही पायांशी कमी चिकट कागदी टेपने खूण करून त्याचे छायाचित्र घेणाऱ्याला पाठवावे. हेडस्टॉकखाली केसमध्ये पोकळी राहिली असेल तर तिथे कापडाची घडी दाबून बसवावी, कारण खोका आपटला की नेक बहुधा तिथेच तुटते.